शेजारचा ब्रेक

मेकॅनिक शेजारच्या सीटखाली डोकं घालून आडवा झाला होता, त्याचे पाय दाराबाहेर लोंबत होते आणि टॉर्च हिच्या हातात होता. ही म्हणजे माझी बायको. खरं तर टॉर्च मीच धरायचा, पण माझा उजवा गुडघा एकदा वाकला की सरळ व्हायला तयार नसतो, म्हणून ती मला "सरका" म्हणाली आणि स्वतः खाली बसली. जुन्या गाड्यांच्या दलालाची अट होती की ड्रायव्हिंगच्या शिकवणीची गाडी म्हणून ही कुणी घेणार नाही, शेजारची जादा पेडलं आधी काढून टाका, मग बोलू. त्यासाठीच मेकॅनिकला बोलावलं होतं. तो आतूनच म्हणाला, "सर, फार काही नाही हो. एक दांडी आहे, दोन बोल्ट आहेत. अर्ध्या तासाचं काम. आता बघा, मी इकडून दाबतो, तुम्ही तिकडचं बघा." त्यानं शेजारचा ब्रेक हातानं दाबला, आणि चालकाच्या रिकाम्या सीटसमोरचं पेडल, त्याच्यावर कुणाचाही पाय नसताना, सावकाश खाली गेलं. त्यानं सोडलं तसं वर आलं. "आणि इकडचं रबर बघा, पार टक्कल पडलंय. तिकडच्याच्या खाचा अजून शाबूत आहेत. म्हणजे इतकी वर्षं गाडी चालवली शिकणाऱ्यांनी आणि थांबवली सरांनी!" असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसला. ही हसली नाही. टॉर्चचा उजेड चालकाच्या पेडलावर गेला आणि तिथेच थांबला. "पुन्हा दाबा," ती म्हणाली. त्यानं दाबलं. "पुन्हा." तिसऱ्यांदाही ते पेडल तसंच गुपचूप खाली गेलं. मग ती उठली, टॉर्च माझ्या हातात दिला, "चहा टाकते" म्हणाली आणि घरात गेली. मेकॅनिकनं हत्यारं आवरली, हात पुसले, थोडा वेळ घुटमळला. चहा आला नाही. "काढायचं ठरलं की फोन करा," म्हणून तो गेला.

मी तिथेच उभा राहिलो, भर उजेडात टॉर्च पेटवून. एखाद्या घरात कित्येक वर्षं एक भिंत असावी आणि ती दार आहे हे पाहुण्यानं येऊन दाखवावं तसं काहीसं वाटत होतं. पण हे खोटं आहे. मला ते दार ठाऊक होतं. एकोणीस वर्षं मी त्याला पाठ लावून उभा होतो, म्हणून तर पाहुण्याला ते दिसलं याचा एवढा धसका बसला.

गाडी नको झाली होती हे खरं. शिकवणी बंद केल्याला वर्ष होत आलं. मागून घेतलेल्या दोन गाड्या केव्हाच गेल्या, ही पहिली तेवढी राहिली. शिकणारे तिला बदक म्हणायचे, कारण ती पिवळट पांढरी होती आणि थांबताना मागचा भाग किंचित डोलवायची. नाकापेक्षा मोती जड झाला होता. बॅटरी उतरायची, टायर जागच्या जागी बसायचे, आणि शेजारचा वकील रोज आपली गाडी लावताना माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचा की जणू मी त्याच्या जागेवर म्हैस बांधली आहे. दोन रस्ते होते. एक दलाल. त्याचा आकडा वाईट नव्हता, पेडलं काढून, रंगाचा एक हात मारून तो बदकाला साधी घरगुती गाडी म्हणून खपवणार होता. दुसरा रस्ता तांत्रिक शाळेचा. तिथल्या वर्कशॉपचे शिक्षक येऊन गाडी पाहून गेले होते. गरीब चेहऱ्याचा, फार व्यवस्थित माणूस. "आम्हाला चालवायची नाही, उघडायची आहे," ते म्हणाले होते. "मुलं उघडतील, परत जोडतील. आणि ही जोडपेडलं मात्र काढू नका हं, तेवढ्यासाठीच तर हवी आहे. अशी गाडी आता बघायला मिळत नाही." मी म्हटलं होतं, गाडीत कुरबुरी फार आहेत. ते म्हणाले, "धर्माच्या गायीचे दात कोण मोजतंय, सर?" आणि एक छापील अर्ज ठेवून गेले होते. हिचा कल सुरुवातीपासून दान करण्याकडे होता. माझा विकण्याकडे. का, असं ती एकदा विचारत होती तेव्हा मी म्हणालो होतो की एवढी वर्षं राबलेल्या गाडीची आतडी पोरांनी बाहेर काढलेली मला बघवणार नाहीत. ऐकायला बरं वाटतं असलं काही. त्या सकाळी टॉर्च विझवताना मला माझं खरं कारण समजलं. दलाल पेडलं भंगारात टाकणार होता. शाळा ती दाखवायला ठेवणार होती.

आमच्या धंद्यात शेजारचा ब्रेक दाबण्याच्या दोन पद्धती आहेत. एक आरडाओरड्याची. शिकणारा चुकला की मास्तर धाडकन पाय मारतो, गाडी गचका खाऊन थांबते, शिकणाऱ्याचं नाक स्टिअरिंगपर्यंत जाऊन येतं आणि मग मास्तर विचारतो, डोळे कुठे होते? असे मास्तर पुष्कळ. मी त्यांना हसायचो. माझी पद्धत वेगळी होती आणि तिचा मला गर्व होता. मी पाय असा टाकायचो की शिकणाऱ्याला कळूच नये. त्याचा पाय त्याच्या पेडलावर असतो, त्यानं अर्धवट दाबलेलं असतं, उरलेलं मी इकडून घालायचो, तोळा तोळा करून. त्याला वाटायचं की आपणच किती मऊ थांबवली. चेहरा फुलायचा. घाबरट माणूस असा आठ दिवस फुलत राहिला की तो खरोखरच शिकायला लागतो, हा माझा अनुभव होता. मग बाराव्या-तेराव्या दिवशी मी पाय काढायला सुरुवात करायचो. आज थोडा कमी, उद्या आणखी कमी. 'पाय काढणं' हा माझाच शब्द. पाय टाकायला कुणालाही येतं, काढायला येणं ही विद्या, असं मी नवीन मास्तरांना सांगायचो, कमरेवर हात ठेवून. एक निवृत्त न्यायाधीश, एक शिंपी, दोन जुळ्या बहिणी, एक प्रचंड लठ्ठ गवई जो क्लच दाबताना सूर धरायचा, सगळ्यांच्या बाबतीत मी पाय वेळेवर काढला. वीस वर्षांत फक्त एकदा नाही काढला.

घरात मी शिरलो तेव्हा स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळून उकळून अर्ध्यावर आलं होतं आणि ती मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी गॅस बंद केला. "मेकॅनिक गेला," मी म्हणालो. "हं," ती म्हणाली. तिनं माझा एक सदरा घडी घातला, मोडला, परत घातला. तिची घडी एरवी पहिल्या फटक्यात बसते. दवाखान्यात तीस वर्षं पट्ट्या आणि चादरी घडी घातलेले हात आहेत ते. तीन महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली, ड्रेसिंगच्या खोलीतून. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी तिच्या हाताचं कौतुक केलं, म्हणाले यांच्या हातची पट्टी कधी सुटली नाही. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. त्या टाळ्या वाजवताना मला सारखं वाटत होतं की तिची ती ड्रेसिंगची खोली किती लहान आहे.

तिला ड्रेसिंगच्या खोलीत राहायचं नव्हतं. तिला घरोघर जाणारी नर्स व्हायचं होतं. दवाखान्यानं तेव्हा ती जागा नवीन काढली होती. गावाबाहेरच्या वस्त्यांवर गाडी घेऊन जायचं, अंथरुणाला खिळलेल्यांना बघायचं, बाळंतिणींना बघायचं. गाडी चालवता येणं एवढीच अट. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नानंतर फार वेळा पाहिलेलं नव्हतं. "शिकवाल ना?" तिनं विचारलं होतं, जसं काही मी नाही म्हणणार होतो. शिकवणी नवी होती, बदक नवं होतं, मीही त्या मानानं नवाच होतो. वर्षभर, दर सुट्टीच्या दिवशी, मी तिला शिकवलं. ती उत्तम चालवायची. म्हणजे हात उत्तम, डोळे उत्तम, गियरची जाण उत्तम. ब्रेकचं मला माहीत नाही, कारण ब्रेक मी होतो. काच खाली करून, कोपर बाहेर काढून ती चालवायची, केसांची एक बट तोंडात यायची आणि ती थुंकून टाकायची. "काय लोण्यासारखं जातं हो पेडल!" म्हणायची. "बोटभर पाय टेकवला की थांबते शहाणी." मी खिडकीबाहेर बघत "हं" म्हणायचो आणि माझा उजवा पाय आपलं काम करत राहायचा. बारावा दिवस आला, गेला. बारावा आठवडा गेला. दर वेळी मी ठरवायचो की आज काढू. मग समोरून एखादा ट्रक यायचा, किंवा नुसतं वळण यायचं, आणि पाय आपसूक जायचा. परक्या माणसाच्या शेजारी बसताना मला कधी भीती वाटली नाही. हिच्या शेजारी वाटायची. तिला काही झालं तर, या भीतीला मी प्रेम असं नाव देऊन मोकळा झालो होतो. ते प्रेम होतंच. पण ज्यानं दुसऱ्याचा पाय पांगळा होतो त्याला नुसतं प्रेम म्हणून कसं भागेल?

परीक्षा तिनं बदकावरच दिली. परीक्षक मागे बसले होते, मी शेजारी. पुढचं सांगायला नको.

आणि मग महिन्याभरानं तिच्या भावाच्या घरी. मेहुण्यानं नवी गाडी घेतली होती. दुपारी सगळे गप्पा मारत बसलेले, ही म्हणाली की मी चालवून बघते. तिची भावजय हौसेनं शेजारी बसली. मी गच्चीत होतो, मेहुण्याशी बोलत. आमच्या नजरेसमोर गाडी उतारावरून खाली गेली, तळाशी पाण्याच्या टाकीची भिंत होती, तिथे वळायचं होतं, आणि गाडी वेग कमी करते आहे असं दिसत असतानाच ती भिंतीवर गेली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. भावजयीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. हिला खरचटलंही नाही, तेच तिला जास्त लागलं. मी धावत खाली गेलो तेव्हा ती स्टिअरिंग धरून बसली होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "मी ब्रेक दाबला होता. रोजच्यासारखाच दाबला होता." दवाखान्यात भावजयीच्या खाटेजवळ पुन्हा तेच. घरी आल्यावर तेच. "पेडल दगडासारखं होतं हो. दाबलं मी, रोजच्यासारखंच." मेहुण्यानं गाडी गॅरेजमध्ये नेऊन तपासून आणली. ब्रेक उत्तम होते. मग तिच्या आईनं, भावानं, सगळ्यांनी ठरवलं की ती घाबरली. घाबरलं की माणसाला वाटतं आपण दाबलं, पण पाय जातच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी मास्तर. यातला जाणकार. आणि मी म्हणालो, "होतं असं. नवीन माणसाचं होतं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी माझ्या तोंडानं दिली, आणि ती देताना आवाज समजूतदार ठेवला होता.

मला त्या गच्चीतच कळलं होतं. गाडी वेग कमी करत होती. म्हणजे तिनं पाय टेकवला होता, बोटभर, जसा वर्षभर टेकवत आली तसा. बाकीचा जोर घालायला शेजारी मी नव्हतो. ती घाबरली नव्हती. तिचं काहीएक चुकलं नव्हतं. मी जे शिकवलं होतं तेच तिनं बिनचूक केलं होतं. हे मी त्याच संध्याकाळी सांगणार होतो. मग म्हटलं भावजयीला घरी येऊ दे. मग म्हटलं हिचं रडणं थांबू दे. मग शिकवणीत नवे लोक येत होते, मास्तरच्या बायकोनं महिन्यात गाडी आपटली ही कुजबुज होतीच, त्यात मास्तरचाच पाय होता हे कळलं असतं तर दुकान बंद. आणि मग एक दिवस, पातेलं घासता घासता, ती आपणहून म्हणाली, "घाबरलेच असेन मी." त्या वेळी तरी बोलायला हवं होतं. मी पंचा घेतला आणि भांडी पुसायला लागलो. घरोघर जाण्याची जागा दुसऱ्या एका नर्सला मिळाली. ती नर्स पुढे दवाखान्याच्या गाडीतून आमच्या घरावरून जायची, हॉर्न वाजवून हात करायची. ही गॅलरीतून हात करायची. हिलाही तो हसूनच करावा लागायचा, काय करणार.

त्यानंतर एकोणीस वर्षं मी तिला रोज दवाखान्यात सोडलं आणि रोज आणलं. पावसात, तापात, शिकवणीच्या वेळा मोडून. तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. बाकीच्या नवऱ्यांनी माझ्यामुळे बोलणी खाल्ली. ती शेजारी बसायची, जादा पेडलांवर चुकून पाय पडू नये म्हणून पाय एका बाजूला आखडून. ती बसायची तिथेच, तिच्या पायांपाशीच सगळं होतं. आणि हा गुडघा. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय, एकच हालचाल वर्षानुवर्षं केल्यानं होतं. एकच हालचाल म्हणजे कुठली हे त्यांनी विचारलं नाही. ही रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसते, गुडघा शेकते, मग अंगठ्यानं वाटीच्या कडेनं दाबत जाते. दुखतं तिथे तिला आपोआप कळतं. मी डोळे मिटून पडलेलो असतो. ती म्हणते, "किती राबवलात हो या पायाला." मी म्हणतो, "धंदाच तसा." आमचं हे रोजचं संभाषण आहे.

दुपारी आम्ही जेवलो. तिनं मला वाढलं, स्वतः घेतलं, पाणी दिलं. कशात काही कमी नव्हतं, फक्त ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं आता विचारील. मग वाटलं तिच्या काही लक्षात आलेलंच नसेल, मीच चोराच्या मनात चांदणं घेऊन बसलोय. शेजारचा ब्रेक असतो हे तिला काय आज कळलं? वर्षभर त्या गाडीत बसली ती. पण तो अडीअडचणीला असतो अशी तिची समजूत, आणि ती समजूत करून देणारा मीच. रिकाम्या सीटसमोर पेडल आपोआप खाली जाताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? तेव्हा त्याच्यावर तिचा पाय असायचा. ती भांडी घासायला गेली आणि मी टेबलाशी तो छापील अर्ज घेऊन बसलो. उगाच, हाताला चाळा म्हणून. मालकाचं नाव, गाडीचं वर्ष, दान करण्याचं कारण. चौथ्या ओळीत होतं, गाडीतील ज्ञात दोष. मी लिहिलं, बॅटरी उतरते. लिहिलं, डावीकडची मागची काच वर जात नाही. हॉर्न कधी वाजतो कधी नाही. मग पेन तसंच धरून राहिलो. तेवढ्यात दलालाचा फोन आला. "काय सर, पेडलांचं झालं का? गिऱ्हाईक तयार आहे माझ्याकडे. आज हो म्हणालात तर संध्याकाळी न्यायला येतो." मला फक्त हो म्हणायचं होतं. मेकॅनिकला फोन, अर्धा तास, दोन बोल्ट. संध्याकाळपर्यंत गाडी गेलेली असती आणि तिच्याबरोबर ती दांडीही. ही काही बोलली नसती. एकोणीस वर्षांत बोलली नाही ती आता कशाला बोलेल? झाकली मूठ तशीच चितेपर्यंत गेली असती. माझं तोंड उघडलेलं होतं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती. "उद्या सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. आवाज पुन्हा सुरू झाला. मला स्वतःचाच इतका कंटाळा आला की डोकं टेबलावर टेकावंसं वाटलं. चांगलं वागायचीही हिंमत नाही आणि वाईट वागायचीही नाही, नुसतं उद्या सांगतो.

पाचच्या सुमारास ती गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. रोज येते तशीच. मी पलंगावर पाय लांब करून बसलो, तिनं पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि बाजूला बसली. आज पिशवी जरा जास्तच गरम होती. मी पाय तसाच ठेवला.

"त्या वर्षी," ती म्हणाली, पिशवीकडे बघत, "मी शिकत होते तेव्हा. तुमचा पाय कुठे असायचा?"

"पेडलावर."

"कधीकधी?"

"रोज."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. परीक्षेच्या दिवशीसुद्धा."

खाली वकिलाची गाडी आली, दार आपटलं, जिन्यावर पावलं वाजली आणि बंद झाली. मला वाटलं होतं हे सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त गुडघा भाजत होता.

"म्हणजे मी दाबला होता," ती म्हणाली.

"दाबला होतास. रोजच्यासारखाच दाबला होतास. तू घाबरली नव्हतीस. तुझं काही चुकलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच म्हणजे?"

"गच्चीतून बघतानाच."

हे शेवटचं तिला अपेक्षित नव्हतं. बाकीचं तिनं सकाळपासून जुळवत आणलं असावं, कपड्यांच्या घड्या घालत, भांडी घासत. नवऱ्याला कळलं नसेल, त्याच्याही नंतर कधीतरी लक्षात आलं असेल, एवढी जागा तिनं माझ्यासाठी ठेवली होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि पहिल्यांदाच मला माझी भीती वाटली, म्हणजे मी काय आहे याची. "आई जाईपर्यंत म्हणत होती," ती हळू आवाजात म्हणाली, "हिच्या हातात काही देऊ नका, ही घाबरते. मी माझ्या बहिणीचं बाळ जिन्यावरून खाली घेऊन जात नव्हते. माहीत आहे तुम्हाला? मला वाटायचं ऐन वेळी माझा पायच जाणार नाही." मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं. मी "माझं चुकलं" म्हणालो. ते शब्द पलंगावर कुठेतरी पडले. तिनं ते उचलले नाहीत. तिनं पिशवी काढली, टॉवेलनं गुडघा कोरडा केला, नीट, वाटीच्या मागेसुद्धा, आणि उभी राहिली.

"दलालाला नाही म्हणून कळवा. पेडलं काढायची नाहीत. शाळेला द्या गाडी. मुलांना दाखवू देत त्यांचे मास्तर, इकडचं दाबलं की तिकडचं कसं जातं ते. आणि त्यांना म्हणावं, रिकाम्या सीटवर दाखवा, म्हणजे दिसतं." मग खुंटीवरची किल्ली काढत म्हणाली, "चला."

"कुठे?"

"खाली. गल्लीच्या टोकापर्यंत."

"तुझं लायसन्स केव्हाच संपलंय."

"मास्तर आहेत ना बरोबर."

जिना उतरताना तिनं मला हात दिला नाही, पण माझ्यासाठी दर पायरीला थांबली. बदक दोनदा खोकून सुरू झालं. ती चालकाच्या सीटवर बसली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्याकडे वळवला. हे सगळं तिच्या हातांना आठवत होतं. मी शेजारी बसलो आणि माझा पाय, मी सांगितलेलं नसताना, आपल्या जागी जाऊन बसला. तिनं खाली वाकून पाहिलं.

"मांडी घाला."

"काय?"

"सीटवर मांडी घालून बसा. दोन्ही पाय वर."

"अगं, हा गुडघा..."

"माहीत आहे. मीच शेकते."

मी सीट मागे सरकवली, डावा पाय घेतला, मग उजवा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यावर ठेवला. कळ थेट कमरेपर्यंत गेली. असा मी त्या गाडीत कधी बसलो नव्हतो. गुडघे पुढच्या फळीला टेकत होते, आणि पायांखाली, जिथे वीस वर्षं माझा धंदा होता, तिथे नुसती मोकळी जागा होती. तिनं पहिला गियर टाकला. गाडी किंचित हबकून निघाली. आमची गल्ली टोकाला उतरते आणि बंद पडलेल्या गोदामाच्या लोखंडी फाटकापाशी संपते. एवढंच अंतर, पायी दोन मिनिटांचं. तिनं काच खाली केली नाही, कोपर बाहेर काढलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ती समोर बघत होती, आणि तिच्या कपाळावर घाम होता. उतार सुरू झाला. दुसरा गियर. वकिलाच्या बायकोनं वळून पाहिलं, दोन माणसं बाजूला झाली. फाटक जवळ यायला लागलं, त्यावरचा गंज दिसायला लागला, मग कुलूप. तिनं पाय टेकवला. बोटभर. मला गाडीच्या चालीवरून ते कळलं. आतापर्यंत मी उरलेलं घातलं असतं. मांडीवर दुमडलेला माझा उजवा पाय तडफडला, मी दोन्ही हातांनी घोटा धरून ठेवला. "दाब" असं ओरडावं की नाही ते कळत नव्हतं. मी तोंड मिटून राहिलो. आयुष्यात दुसऱ्यांदा मी तिच्या बाबतीत गप्प बसलो होतो आणि या वेळी ते माझ्या हातून व्हायलाच हवं होतं. कुलपाचं छिद्र दिसलं. मग तिनं दाबला. पूर्ण, टाचेपर्यंत, सीटवरून अर्धवट उठत. गाडीनं असा गचका खाल्ला की मी पुढे फेकला गेलो आणि उजवा गुडघा सगळ्या वजनासकट समोरच्या फळीवर आदळला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. बदक बंद पडलं. फाटक समोर होतं, दीड हातावर.

ती धापा टाकत होती. पाय तिनं पेडलावरून काढला नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा.

"गुडघ्याला लागलं?"

"हो."

"फार?"

"फार."

"लागू दे," ती म्हणाली, आणि पुन्हा किल्ली फिरवली.